तीन गाठी पाणी

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, अशुअर आणि एन्शुअर यांत फरक काय गं? माझं पत्र साहेबांनी परत पाठवलं. एक शब्द खोडून दुसरा लिहिलाय, आणि मला तर दोन्ही सारखेच वाटतात." मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलेली बाई. उत्तर तोंडात तयार होतं. अशुअर म्हणजे समोरच्याला खात्री देणं, धीर देणं. एन्शुअर म्हणजे ती गोष्ट होईलच अशी तजवीज करणं. पहिलं माणसाशी बोलून होतं, दुसरं बोलून होत नाही. तू "कळलं आजी" म्हणालीस, आणि मागून तुझ्या धाकट्या भावाने आवाज दिला, "आजी, आज टाकीत हात घातलास का?" तुम्ही दोघं हसलात. मीही हसले.

फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. शब्दकोशात मावेल एवढं उत्तर देऊन मी मोकळी झाले होते, आणि ते पुरेसं नाही हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुम्ही गेल्या खेपेला आलात तेव्हा पाहिलंत, आपल्या गच्चीवरची टाकी भरली की खाली घंटी वाजते. तरीही मी रोज सकाळी गुडघे धरत जिना चढते, झाकण उचलते आणि बाही वर करून पाण्यात हात घालते. तुमची आई रागावते. धाकट्याने त्याचा व्हिडिओ काढून तुमच्या मित्रांना दाखवला. तुम्ही कारण विचारलंत तेव्हा मी "सवय" एवढंच म्हणाले. कारण सांगितलं नाही, कारण त्यात माझं काही चांगलं दिसत नाही. आता सांगते.

तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत. तुमची आई अजून झालेली नव्हती. आम्ही गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो: मी, तुमचे आजोबा आणि माझ्या सासूबाई. माझी शाळा वाळूजच्या रस्त्याला, जिथे तेव्हा शहर संपायचं. शाळेला लागून मुलींचं वसतिगृह होतं. खेड्यापाड्यांतल्या सव्वीस मुली. त्यांची देखरेख माझ्याकडे होती, पण मी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायचे. तिथे राहायला एक मावशी होत्या. स्वयंपाक, साफसफाई, मुलींची दुखणीखुपणी, सगळं त्याच बघायच्या.

वसतिगृहाचं पाणी मागच्या विहिरीचं. मोटर लावली की ते वरच्या टाकीत चढायचं. दुष्काळाचं पहिलं वर्ष कसंबसं निघालं आणि दुसऱ्या वर्षी पावसाळा पुन्हा कोरडाच गेला, तेव्हा मी एक पद्धत घालून दिली. मला पद्धतीची फार हौस होती. काथ्याची एक लांब दोरी घेतली, टोकाला तुटक्या वरवंट्याचा तुकडा बांधला आणि तिथून दर हातावर एक गाठ मारली. मावशींनी रोज सकाळी दगड विहिरीच्या तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा आणि किती गाठी भिजल्या ते मला सांगायचं. मी ते वहीत लिहायचे. डाव्या रकान्यात तारीख, उजव्या रकान्यात गाठी, शनिवारी लाल शाईने रेघ. वही पाहून आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, इतर शिक्षकांना म्हणायच्या, "याला म्हणतात काम."

दिवाळीला सात गाठी होत्या. मग सहा, पाच. त्याच सुमाराला आमच्या आजूबाजूला नव्या कॉलन्या पडत होत्या. वाळूजला कारखाने आले, कारखान्यांमागे माणसं आली, आणि प्रत्येक प्लॉटवर घराच्या आधी बोअरची गाडी येऊन उभी राहायची. दिवसभर ती घरघर. वर्गात मला ओरडून शिकवावं लागे. फळ्यावर पांढरी धूळ कशाची, खडूची की बोअरची, ते कळत नसे. एकेक बोअर लागला की आमच्या विहिरीची अर्धी गाठ कमी व्हायची. चार. साडेतीन. तीन.

आणि तीनवर ती थांबली.

दोन आठवडे रोज तीन. शेजारच्या विहिरी तळाला गेल्या, आमची तीनवर उभी. मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायच्या, "बाई, तीन गाठी!" आणि मी व्हरांड्यात उभ्याउभ्याच लिहायचे. खाली कुठेतरी चांगला झरा लागलेला असणार, असं मी ठरवून टाकलं. मोठ्या बाईंना तसं सांगितलंही. मुलींना अंघोळ एक दिवसाआड, तीन तांबे, कपडे रविवारी, ताटं राखेने घासून एकाच पाण्यात विसळायची. एवढं पाळलं तर दहावीची परीक्षा निभते, असं माझं गणित होतं. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

संक्रांत झाल्यावर एका शनिवारी दुपारी एक गृहस्थ आले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. कन्नडच्या बाजूचे मेंढपाळ. त्यांची मुलगी आमच्याकडे दहावीला होती. वर्गात सगळ्यांत मागे बसणारी, अक्षर मात्र मोत्यासारखं. त्यांच्या घराण्यात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती, एवढं मला माहीत होतं. ते खुर्चीवर बसले नाहीत. व्हरांड्याच्या पायरीवर टेकले.

"बाई, येक इचारायला आलोय. मेंढरांना तिकडं काडी उरली नाय. सोमवारी निघतो. घाट उतरून खाली चाळीसगावच्या अंगाला, मंग पाला दिसंल तिकडं. पानी पडल्याबिगर माघारी येनं नाय."

"बरं."

"घराला कुलूप पडंल. थोरली पोरगी सासरी, तिच्या सासूचा सोभाव तुमाला काय सांगू. म्हंजी हिला ठिवायला माज्याकडं जागा नाय. इथं पानी पुरनार असंल परीक्षेपातूर, तर ठिवतो. नसंल पुरनार तर आत्ताच सांगा. मेंढरामागं घिऊन जातो. मंग शाळा सुटली तिची, पर निदान बापासंगट तरी ऱ्हाईल. मी गेल्यावर तुमी वसतिगृह बंद केलं, तर पोरगी जाईल कुटं?"

इतकं सरळ. त्यांना माझ्याकडून फक्त एक गोष्ट हवी होती आणि तिच्यावर मुलीचं सगळं पुढचं अवलंबून होतं.

मी वही दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हीर बघू का?"

विहीर मागच्या बाजूला, जिथे मुलींच्या न्हाणीघराचं पत्र्याचं कुंपण होतं. तिकडे पुरुषांना जाऊ देत नसू. दोन मिनिटं मुलींना आत बोलावून त्यांना नेता आलं असतं. पण मला ते अपमानाचं वाटलं. माझी वही समोर असताना विहीर कशाला?

"तिकडे पुरुषांना मनाई आहे. मी सांगते ना. परीक्षेपर्यंत पाणी पुरेल. तुम्ही निर्धास्त जा."

ते काठीने मातीत रेघा ओढत बसले. "आमच्यात कसं हाय बाई, मेंढरं न्यायच्या आदी येक मानूस म्होरं धाडत्यात. पानी हाय असं कोन म्हनतंय त्येच्यावर नाय जायाचं. त्यो मानूस पान्यात हात घालतो, वास घेतो, वंजळभर पितो. मंग माघारी यिऊन सांगतो. तवर मेंढरू हालत नाय."

"तुमची मुलगी मेंढरू आहे का?" मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं.

ते हसले. "मेंढराहून ग्वाड हाय, म्हनून तर इचारतोय."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या पत्र्याच्या कुंपणाकडे पाहिलं आणि उठले. "तुमी म्हनता तर ठिवतो." मुलीला बाहेर बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवीतून बाजरीच्या भाकरी आणि लसणाची चटणी काढून दिली आणि गेले. मुलगी फाटकापर्यंत गेली नाही. खांबाला टेकून बघत राहिली.

ते गेले आणि माझं डोकं दुखायला लागलं.

मला वाटतं मला तेव्हाच ठाऊक होतं. घरी जाताना बसमध्ये ते हात घालण्याचं वाक्य सारखं कानात येत होतं. मी त्या विहिरीत शेवटचं कधी डोकावले होते? आठवेना. दसऱ्याला पूजा केली तेव्हा. म्हणजे चार महिने. रविवारी सकाळी उठल्याउठल्या वाटलं, जाऊन बघावं. पण रविवार होता, साड्यांना खळ घालायची होती, सासूबाईंचा उपास होता. मी स्वतःला म्हटलं, उद्या जातेच आहेस की. दुपारी मी ताट अर्धवट टाकून उठले. तुमच्या आजोबांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "आहे की."

याच मुलींना मी अशुअर आणि एन्शुअरचा धडा शिकवला होता, तोही त्याच महिन्यात. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती. एकात डॉक्टर आईला मूल बरं होईल अशी खात्री देतो, ते अशुअर. दुसऱ्यात पहारेकरी कुलूप लावून स्वतः ओढून बघतो, ते एन्शुअर. मेंढपाळाच्या मुलीने वहीत उतरवून घेऊन खाली दोनदा रेघ मारली होती.

सोमवारी सकाळी मी वसतिगृहात पोचले ती पर्स न ठेवता थेट मागे गेले. मावशी दोरी सोडायच्या तयारीत होत्या. मी त्यांच्या हातून दोरी घेतली.

"बाई, साडी भरंल तुमची."

"भरू दे."

दगड खाली गेला. पाण्यात दगड पडला की डुबुक आवाज येतो, तो आलाच नाही. थप्प असं काहीतरी झालं, आणि दोरी तरीही हळूहळू खाली जात राहिली. मग थांबली. ओढायला लागले तर जड. कोणी खालून धरून ठेवल्यासारखी. जोर लावला तेव्हा सुटली आणि वर आली. तीन गाठी भिजलेल्या होत्या. मी बोटांनी चाचपलं. वरची जेमतेम वीतभर दोरी पाण्याने ओली होती. त्याखालचं सगळं काळं, बुळबुळीत, चिकट. गाळ. वर्षानुवर्षं न उपसलेला गाळ. दगड रोज त्या गाळात रुतत होता आणि मी रोज गाळाची उंची सुंदर अक्षरात लिहून ठेवत होते.

"मावशी, हा तर चिखल आहे!"

"व्हय की."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

त्यांनी पदराला हात पुसले. "तुमीच म्हनल्या व्हत्या, दोरी कितीक भिजती त्येवढं सांगा, जास्तीचं बोलू नका. परवाधरनं मोटर हवा खेचतीय. मी म्हनलं, बाईंच्या वहीत हाय सगळं, बाईंना म्हायीत असंल."

त्यांना बोलायला मला तोंड नव्हतं. माझी वहीच इतकी नीटनेटकी होती की चिखल दिसत असूनही त्या बाईला वाटलं, आपल्यालाच कळत नसेल.

मोठ्या बाईंना घाईघाईने सांगून मी स्टँडवर गेले आणि कन्नडची गाडी पकडली. खिडकीबाहेर सगळं पिवळं-करडं. रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत मांडून ठेवलेल्या घागरी, रंगीत प्लॅस्टिकच्या, एकामागे एक, माणूस मात्र एकही नाही. मी मनात हिशेब मांडत होते. सोमवारी निघतो म्हणाले. सोमवार म्हणजे सकाळ की दुपार? माणसं जेवूनखाऊन निघतात. मेंढरं आहेत, आवराआवर आहे, दुपार होईलच. कन्नडला उतरले, जीपमध्ये दाटीवाटीने बसले. जीपवाला जागा भरल्याशिवाय हलेना. मी दोन सीटचे पैसे देते म्हटलं तेव्हा तो हसला, "बाई, कुनाचं लगीन हाय का?"

घराला कुलूप होतं. लहानसं पितळी कुलूप, त्यावर कुणीतरी हळदीकुंकू लावलेलं. अंगणात लेंड्या पसरलेल्या, अजून ओल्या.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. मी विचारायच्या आतच म्हणाली, "गेले की. उनं चढायच्या आत मेंढरं भाईर काढली."

"आत्ता कुठवर पोचले असतील?"

"घाटात शिरले आसतील. तुमी कोन?"

"त्यांच्या मुलीची बाई."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. साडीच्या काठावरचा गाळ वाळून पांढरा झाला होता. "पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. निरोप द्यायचा होता."

"मेंढरामागं निरोप? आज हितं, उद्या तितं. येक दिस आदी यायचं नाय का बाई? तुमी तर शिकलेल्या."

माझ्या शिक्षणावर इतकं खरं कुणी कधी बोललेलं नाही. मी तिच्याजवळ तांब्याभर पाणी मागणार होते, घसा सुकला होता, पण तिच्या दारातली घागर उपडी ठेवलेली दिसली आणि मी मागितलं नाही.

पुढचे तीन दिवस मी आणि मोठ्या बाई दारोदार फिरलो. जिथे जाऊ तिथे चहा मिळाला. जिथे जाऊ तिथे एकच उत्तर. "काळजी करू नका, बाई. टँकर येईल. आम्ही बघतो." लोक वाईट नव्हते. बोलताना त्यांना तसंच वाटतही असणार. पण प्रत्येक ठिकाणी मला माझाच आवाज ऐकू यायचा. तुम्ही निर्धास्त जा. टँकर दोनदा आला, मग आला नाही. सव्वीस मुली विहिरीतल्या वीतभर पाण्यावर किती दिवस ठेवणार? मोठ्या बाईंनी वसतिगृह बंद करायचं ठरवलं.

पत्रं मी लिहिली. पंचवीस पोस्टकार्डं. प्रत्येकावर तेच वाक्य: "विहिरीत पाणी उरलेलं नाही. मी स्वतः पाहिलं आहे." सव्विसावं कुठे पाठवायचं?

दहावीच्या पाच मुली होत्या. चौघींची शहरात नातेवाइकांकडे सोय झाली. बाकीच्यांचे वडील, भाऊ येऊ लागले. ट्रंका बाहेर निघू लागल्या. मेंढपाळाच्या मुलीने काही विचारलं नाही. इतरांच्या गाद्या गुंडाळायला मदत करत होती. पुढच्या शुक्रवारी दुपारी आपली पत्र्याची पेटी भरून ती तिच्यावर बसली होती, मांडीवर इंग्रजीची वही. मी जवळ गेले तशी उभी राहिली.

"बाई, मला परीक्षा देता येईल ना?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. हो, काळजी करू नकोस. आणखी एक शब्दही लागला नसता. तिचा चेहरा सैल झाला असता, मलाही बरं वाटलं असतं. मी ते गिळलं. 

"आत्ता सांगता येत नाही," मी म्हटलं. "घरी जाऊन येते. संध्याकाळच्या आत सांगते."

तिने मान हलवली. पुन्हा पेटीवर बसली.

आमच्या गल्लीत नळ चौथ्या दिवशी यायचा, पाऊण तास. वाड्याच्या खालच्या चौकात सिमेंटचा एक छोटा हौद होता, तो आमच्या वाट्याचा. शिवाय दोन पिंपं, चार कळश्या, सासूबाईंचा माठ. मी घरी गेले आणि कुणाशी बोलायच्या आधी प्रत्येक भांड्याचं झाकण काढून आत हात घातला. सासूबाई बघत होत्या.

"उंदीर पडलाय का कशात?"

"नाही. एक मुलगी आणू का घरी?"

मी सगळं सांगितलं. माझी चूकसुद्धा. त्या ऐकत राहिल्या, वाती वळत.

"किती दिवस?"

"परीक्षा होईपर्यंत. आणि पुढे तिचे वडील येईपर्यंत."

"म्हणजे पाऊस पडेपर्यंत. सरळ सांग ना."

"हो."

"पाणी?"

"माझ्या वाटचं."

"तुझ्या वाटचं म्हणजे किती, ते दाखव."

मी एक बादली आणि एक कळशी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं. "यात दोघी? अंघोळ, कपडे, पिणं? आणि डोकं धुवायचं?"

"केस कापते हवं तर."

"मेलीचं बोलणं बघा." त्यांनी वात ताटलीत ठेवली. "माझी सकाळची अंघोळ मी सोडायची नाही, आधीच सांगते. घंगाळभर लागतं मला."

तुमचे आजोबा पेपरामागून म्हणाले, "माझी दाढी एका वाटीत होते. मोजून घे."

हा होकार समजायचा की काय ते मला कळेना. मी विचारलंच, "मग आणू?" सासूबाई म्हणाल्या, "आता काय लेखी देऊ? जा, अंधार व्हायच्या आत आण."

बसमध्ये परत जाताना पहिल्यांदा मला त्या दोन शब्दांतलं अंतर नीट दिसलं. खात्री देताना माझ्या घरातला एक थेंबही कमी होत नव्हता. म्हणून ती इतक्या चटकन दिली गेली. आता माझी बादली अर्धी होणार होती, आणि तरी मी त्या मुलीला ठामपणे काहीच सांगू शकत नव्हते. चौथ्या दिवशी नळ आला नाही तर? पण निदान मला कुठवर पाणी आहे ते ठाऊक होतं. माझा हात अजून ओला होता.

तिला सांगितलं, "माझ्या घरी राहायचं. पाणी कमी आहे. पुरवू."

ती म्हणाली, "व्हय बाई," आणि पेटी उचलली.

परीक्षा संपेपर्यंत मी कधी सुखाने झोपले नाही. सकाळी उठल्याबरोबर आधी हौदाकडे. झाकण सरकवायचं, हात घालायचा. कोपरापर्यंत ओला झाला तर दिवस बरा. मनगटापर्यंतच झाला की त्या दिवशी धुणं बंद. मुलगी अशी जपून पाणी वापरायची की मला तिचंच भय वाटे, पीत तरी आहे की नाही? भांडी ती मातीने घासून कापडाने पुसून काढायची, एक थेंब न घालता लखलखीत. सासूबाई म्हणाल्या, "ही आपल्याला शिकवायला आलीय." तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, सासूबाईंचं घंगाळ अर्धंच भरलेलं असतं.  त्या म्हणाल्या, "बघतेस काय? थंडीत म्हाताऱ्या माणसाने इतकं अंगावर घेऊ नये."

परीक्षेच्या आठवड्यात नळाचा दिवस आला आणि नळ आला नाही. कुठेतरी मोठी लाइन फुटली म्हणे. पाचवा दिवस, सहावा. हौदात हात घातला तर बोटांची पेरं तेवढी भिजली आणि खालचं सिमेंट नखांना लागलं. दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर. मी पहाटे कळश्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी टँकरच्या रांगेत उभी राहिले. मागे वळून पाहते तर सासूबाई, हातात एक कळशी, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. पुढच्या बायका म्हणाल्या, "आजी, तुम्ही कशाला?" त्या म्हणाल्या, "घरात परीक्षा आहे." दोन तासांनी तीन कळश्या मिळाल्या. मुलीला त्यांनी त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करायला लावली, हातावर दही-साखर ठेवली आणि पाठवलं. ती वळणापर्यंत गेल्यावर मी जिन्यात बसले. 

ती पास झाली. फार मार्क पडले नाहीत. इंग्रजीत मात्र बरे होते.

पाऊस त्या वर्षी झाला. आषाढ अर्धा संपला असेल, एका सकाळी मुलीचे वडील गुलमंडीत विचारत विचारत आमच्या दारात आले. आधी शाळेत जाऊन आले होते. मावशींनी पत्ता दिला. उन्हाने रापून काळे झाले होते, पटका विटलेला. मुलगी धावत बाहेर आली आणि त्यांच्यापुढे उभी राहून रडायला लागली. ते तिच्याकडे बघून हसत राहिले, "उंच झालीस गं."

मी पाणी आणून दिलं. तांब्या हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पुरलं का बाई?"

मी पाच महिने हे वाक्य तयार करत होते. तरी ते अडखळत आलं. "नाही पुरलं. विहिरीत पाणी नव्हतंच. गाळ होता. मी न बघता तुम्हाला सांगितलं. सोमवारी तुमच्या गावी आले होते, तुम्ही निघून गेला होता."

"म्हायीत हाय."

"कुणी सांगितलं? त्या आजींनी?"

"त्यांनी बी सांगितलं आत्ता येताना. पर मला तवाच कळलं व्हतं. मी हीर बघू का म्हनलं, तर तुमी हिरीकडं मान बी नाय वळवली. ज्यानं पानी बघितलंय त्येची मान आपसूक तिकडं वळती."

 "मग मुलीला ठेवलीत कशी?"

त्यांनी तांब्या ओठाला न लावता थोडं पाणी तोंडात घेतलं, मिशा पुसल्या. "कुटं न्हिऊ? मेंढरामागं तिची शाळा गेलीच असती. रातभर इचार केला. मनात आलं, बाईंनी बघितलं तर नाय. पर जाताना मला तुमचं त्वांड दिसलं. त्वांड बघून वाटलं, ही आता बघायला जानार."

सासूबाई आतून म्हणाल्या, "त्यांना बसायला तरी दे गं."

ते बसले नाहीत. खाली चौकातल्या हौदाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यातलं का हे?"

मी या वेळी पुढे होऊन खाली उतरले. झाकण दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं. पाऊस झाल्यामुळे नळ रोज येत होता, हौद काठोकाठ होता. ते उकिडवे बसले, बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात आत घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग ओंजळ भरून वर काढली, वास घेतला आणि प्यायले.